मंडळीच्या हिशेबावरची माझी सही

जुना_खजिनदार

सर्वांना प्रभूमध्ये सप्रेम नमस्कार.

नगर जिल्ह्यातील एका लहान ख्रिस्ती मंडळीचा मी गेली सहा वर्षे खजिनदार आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न माझ्या सहीचा आहे, गावाचा नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडून पुण्याला स्थायिक झालेल्या एका कुटुंबाने आईच्या स्मरणार्थ उपासनामंदिराचे पत्रे बदलण्यासाठी १,४०,००० रुपये दिले. काम ९०,००० रुपयांत झाले. उरलेल्या ५०,००० पैकी ३०,००० पाळकसाहेबांच्या (पास्टरांच्या) चार महिन्यांच्या थकलेल्या पगारापोटी गेले आणि २०,००० मंडळीतील एका विधवा भगिनीच्या शस्त्रक्रियेला दिले. एक रुपयासुद्धा कोणाच्या खिशात गेला नाही, हे मी कोणापुढेही सांगू शकतो. पुढे त्या कुटुंबाने खर्चाचा तपशील मागितला, तेव्हा आमच्या सेक्रेटरींनी पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून पूर्ण १,४०,००० चे बिल लिहून घेतले. ते बिल आणि आभाराचे पत्र पुण्याला गेले. पत्राखाली खजिनदार म्हणून माझी सही आहे.

गेल्या महिन्यात उपासनेत शास्त्रवाचनाची पाळी माझी होती. लूकच्या शुभवर्तमानातला सोळावा अध्याय होता, म्हणजे थोडक्याविषयी विश्वासू असलेला पुष्कळाविषयीही विश्वासू असतो, हा भाग. वाचताना माझा आवाज जराही अडखळला नाही, आणि घरी आल्यावर मला त्याचीच भीती वाटली.

देणारे समाधानी आहेत, भगिनी बऱ्या झाल्या आहेत, पाळकसाहेबांची बदली झाली आहे. हे प्रकरण आता उकरून काढावे की नाही, याविषयी वडीलधाऱ्यांचे मत हवे आहे.

काळी_माती

खजिनदार भाऊ, आपल्या मनाला लागलेली टोचणी चांगली आहे, पण तिचे ऐकून काही करण्याआधी थोडे थांबावे असे मला वाटते. पैसा भुकेल्याकडे आणि आजाऱ्याकडे गेला. पत्र्यासाठी आलेल्या पैशाने एका स्त्रीचे प्राण वाचले असतील, तर ज्या आईच्या स्मरणार्थ तो पैसा आला तिला स्वर्गात वाईट वाटले असेल काय? दावीदाने भुकेच्या वेळी समर्पित भाकरी खाल्ल्या, ज्या फक्त याजकांनी खायच्या होत्या, आणि प्रभू येशूने मार्कच्या दुसऱ्या अध्यायात त्याचीच बाजू घेतली.

मी स्वतः तीन मंडळ्यांचा कारभार जवळून पाहिला आहे. ज्यांनी असे जुने विषय उघडले त्यांच्या मंडळीत दोन तट पडले, आणि त्यातला एक तट आजही वेगळ्या घरात उपासना करतो. आपली टोचणी प्रार्थनेत ठेवावी आणि यापुढे असे होऊ देऊ नये, एवढे पुरेसे आहे.

सांजवात

काळी_माती सरांनी दावीदाचा दाखला दिला आहे, म्हणून तोच आधी पुरता वाचू. ही कथा १ शमुवेलच्या एकविसाव्या अध्यायात आहे. दावीद शौल राजापासून पळत होता, पण नोब येथील याजक अहीमलेख याला त्याने सांगितले की, राजानेच मला एका गुप्त कामावर पाठवले आहे. भाकरी त्याला या थापेवर मिळाल्या. बाविसाव्या अध्यायात शौलाने त्याच कारणावरून नोबच्या पंच्याऐंशी याजकांना ठार मारवले, आणि वाचलेल्या एकट्या अब्याथाराला दावीद म्हणाला की तुझ्या घराण्याच्या मृत्यूला मीच कारण झालो. प्रभू येशूने भाकरीचे समर्थन केले. थापेविषयी तो काही बोललेला नाही, आणि तिची किंमत काय पडली ते दावीदाने स्वतःच कबूल केले आहे.

खजिनदारांच्या प्रकरणातही या दोन गोष्टी अशाच वेगळ्या काढाव्या लागतील. भगिनीला दिलेले वीस हजार ही भाकरी आहे, आणि एक लाख चाळीस हजारांचे बिल ही थाप आहे. प्रेषितांच्या कृत्यांतील, जमीन विकून आलेल्या पैशांतला काही भाग लपवणाऱ्या हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याची कथा आपण संडे स्कूलमध्ये मुलांना घाबरवण्यासाठी सांगतो आणि तिच्यातला नेमका मुद्दा सोडून देतो. पेत्र हनन्याला विचारतो की, जमीन विकण्यापूर्वी ती तुझीच नव्हती काय, आणि विकल्यावरही पैसे तुझ्याच स्वाधीन नव्हते काय? म्हणजे त्याने काही पैसे ठेवून घेतले असते आणि तसे सांगितले असते, तर दोष नव्हता. काही भाग देऊन सगळे दिल्याचे दाखवले, हा दोष. आपल्या मंडळीनेही पुण्याला एवढेच कळवायचे होते की काम नव्वद हजारांत झाले, पन्नास हजार उरले, आणि मंडळीत अशी अडचण आहे, तर आपली परवानगी आहे काय? माझा अंदाज आहे की त्यांनी हो म्हटले असते. ते विचारण्याचा संकोच वाटला, म्हणून बिल वाढवले गेले.

जाता जाता शब्दाविषयी. व्यासपीठावरून आपण ‘पवित्रता’ फार बोलतो. मला त्यापेक्षा ‘सचोटी’ हा शब्द जवळचा वाटतो, कारण तो बाजारातला आहे. तराजू, वही, दिलेला शब्द आणि उधारी यांच्या शेजारी तो वाढला आहे, आणि खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे असे नीतिसूत्रांतही म्हटलेलेच आहे.

वसईची_वाडी

मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमच्याकडे हा प्रश्न थोडा वेगळ्या रीतीने येतो, तेवढे सांगते.

आम्ही पापनिवेदनाला जातो. बाहेरच्यांचा समज असा असतो की धर्मगुरूंपुढे सांगितले की पाटी कोरी. पण चोरी किंवा फसवणूक यांच्या बाबतीत आमच्या धर्मसभेची शिकवण स्पष्ट आहे की, जे घेतले ते परत करण्याची जबाबदारी क्षमेनंतरही उरते. क्षमा देवाकडून मिळते, पण ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई द्यावीच लागते. जुन्या करारातल्या गणना या पुस्तकात तर मूळ रकमेवर पाचवा हिस्सा वाढवून देण्याचा नियम आहे. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय त्याच्याही पुढे गेला. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवले त्याला चौपट, असे तो उभा राहून सगळ्यांसमोर म्हणाला, आणि ‘आज या घराला तारण प्राप्त झाले आहे’ हे शब्द प्रभूने त्यानंतर उच्चारले आहेत. हा क्रम मला नेहमी विचारात पाडतो.

माझे वडील वाडीतली भाजी दादरच्या बाजारात नेत असत. टोपलीत वर मोठी वांगी आणि खाली किडकी-बारकी भरण्याची पद्धत तेव्हा सगळीकडेच होती. वडील तसे करत नसत, आणि त्यामुळे त्यांना कधी कधी कमी भाव मिळे, कारण घेणारा दलाल सगळ्यांच्या टोपलीचा खालचा थर वाईटच असणार असे धरूनच भाव करी. प्रामाणिकपणामुळे शेवटी धंदा वाढला, अशी गोष्ट मला सांगता येणार नाही. धंदा वाढला नाही. पण रविवारी मिस्सेत ते जिथे बसत, तिथे बसताना त्यांना कोणाची नजर टाळावी लागली नाही, हे मी पाहिले आहे.

मागच्या_बाकावरून

इतका वेळ वाचत होतो. सगळ्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे, परंतु सचोटीची किंमत प्रत्येकाला सारखी पडत नाही, याचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही.

नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले, आणि पुढे मंडळीत जे आले ते बहुतेक महार आणि मांग समाजांतून आले. माझे आजोबा त्यांपैकी. घटनेनंतर १९५० मध्ये अनुसूचित जातींचा जो आदेश निघाला त्यानुसार हिंदूंखेरीज जवळपास कोणालाही त्या यादीतले स्थान मिळत नाही असे ठरले. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले गेले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढावी असे सुचवले, २०२२ मध्ये बाळकृष्णन आयोग नेमला गेला, आणि आम्ही वाट पाहत आहोत. विहिरीवर आणि वेशीवर आजोबांची जात कोणी पुसली नव्हती. ती फक्त सरकारी कागदावर पुसली गेली.

यातून आमच्यात कागदावरचे नाव एक आणि बाप्तिस्म्याचे नाव दुसरे, अशी माणसे तयार झाली. माझ्या थोरल्या भावाने जातीच्या दाखल्यावर नोकरी केली. तीस वर्षे तो उपासनेला आला, पण मंडळीच्या नोंदवहीत त्याने नाव घालू दिले नाही, प्रभुभोजन घेतले नाही, आणि फोटो काढताना नेहमी बाजूला झाला. तो वारला तेव्हा ख्रिस्ती दफनभूमीत जागा द्यावी की नाही यावर कमिटीत दोन तास वाद झाला. वाद घालणाऱ्यांत एक जण असा होता की ज्याने मंडळीच्या जागेवरचे दुकान नाममात्र भाड्याने स्वतःच्या मेहुण्याला दिले होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका प्रकरणात म्हटले की, ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही घटनेशी केलेली लबाडी आहे. कायद्याच्या दृष्टीने ते असेल. माझा भाऊ खोटे बोलला, हे मीही नाकारत नाही. पण त्याच्यापुढे राज्याने दोन वाटा ठेवल्या होत्या, एक खरेपणाची आणि एक मुलांच्या फीची. खजिनदार साहेबांपुढे अशी सक्ती नव्हती. त्यांना फक्त पुण्याला एक फोन करायचा होता. म्हणून व्यासपीठावरून सचोटीचा उपदेश जेव्हा मागच्या बाकाकडे बघून केला जातो, तेव्हा मला पुढच्या बाकांचा हिशेब आधी पाहावासा वाटतो.

सांजवात

मागच्या_बाकावरून दादा, आपल्या लिहिण्यावर मी दोन दिवस काही लिहू शकले नाही. आपल्या भावाविषयी निवाडा करण्याचा अधिकार मला नाही आणि कमिटीलाही नव्हता.

फक्त_वाचक

मी ख्रिस्ती नाही, इतिहासाचा विद्यार्थी आहे, म्हणून एक शंका विचारतो. ती टोचण्यासाठी विचारत नाही. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदासदन काढले, तेव्हा तिथे धर्मोपदेश होणार नाही असे आश्वासन दिले होते. त्या विश्वासावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार मंडळात आले. सदन पुण्याला गेल्यावर काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, बायबल वाचू लागल्या, ‘केसरी’ने टीका केली, आणि १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी राजीनामे दिले. आपण सचोटीची चर्चा करत आहात, तर दिलेला शब्द येथे पाळला गेला, असे आपण मानता काय?

सांजवात

हा प्रश्न आमच्या घरात अनेकदा झाला आहे, आणि माझे मत वयानुसार बदललेले आहे, हे आधीच सांगते.

रमाबाईंचे म्हणणे असे होते की मी कोणाला शिकवणार नाही, सक्ती करणार नाही, पण माझी प्रार्थना लपवणारही नाही. त्यांच्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी उघडे असे. मुली आपण होऊन आल्या तर त्यांना हाकलणे त्यांना मान्य नव्हते, कारण हिंदू मुलींना त्यांची पूजा करायला तिथे मोकळीक होती, मग ख्रिस्ती प्रार्थनेलाच बंदी का, असा त्यांचा युक्तिवाद होता. पूर्वी मला तो पुरेसा वाटे. आता वाटते की शब्द देणाऱ्याने शब्दाचा अर्थ एकट्याने ठरवू नये, ऐकणाऱ्याने तो कसा घेतला हेही त्यात धरावे. ज्या बालविधवेला जगात दुसरे कोणी नाही, तिच्यासाठी ज्या बाईंनी आसरा दिला त्यांच्या खोलीचे उघडे दार हे नुसते दार उरत नाही. रानड्यांना फसवले गेल्यासारखे वाटले असेल, तर ते मी समजू शकते.

पण त्याच बाईंची दुसरी बाजू याच तराजूत घालावी लागते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या सिस्टरांच्या आश्रयाला त्या होत्या, त्यांच्याशीच त्यांचा धर्मतत्त्वांवरून दीर्घ पत्रव्यवहार झाला, कारण जे पटत नाही ते केवळ आश्रय मिळतो म्हणून ‘मानते’ असे म्हणायला त्या तयार नव्हत्या. परका देश, पदरी लहान मुलगी, हातात पैसा नाही, अशा अवस्थेत होकार देणे किती सोपे होते! त्यांनी दिला नाही. म्हणून पुण्यातल्या वादात त्या कपटाने वागल्या असे मी मानत नाही. त्यांनी पाळता येण्यापेक्षा मोठा शब्द दिला, असे मानते. हा दोष वेगळ्या जातीचा आहे, आणि तो भल्या माणसांकडूनच अधिक घडतो.

कवी ना. वा. टिळकांचेही येथे आठवते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी वीसहून अधिक वर्षे मिशनमध्ये काम केले, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि तिच्याबरोबर पगारही सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र संघ काढला. मिशनच्या पगारावर राहून मिशनच्या चौकटीविरुद्ध बोलत राहणे त्यांना शक्य होते. आजही अनेकांना शक्य आहे. घरच्यांच्या पोटाला त्याचा चिमटा बसला असणार, आणि त्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना कोणी विचारले होते की नाही, हा प्रश्न मी स्त्री असल्यामुळे मला पडतोच.

फक्त_वाचक

‘पाळता येण्यापेक्षा मोठा शब्द’ हे मला पटले. आभारी आहे.

काळी_माती

ताईंनी नोबच्या याजकांची आठवण करून दिली ते योग्य झाले. मी ती कथा इतक्या वेळा ऐकली आहे, पण पंच्याऐंशी याजक माझ्या लक्षातून गेले होते. तरी मंडळी फुटण्याविषयी मी जे लिहिले ते मागे घेत नाही. पौलानेही करिंथकरांना जेव्हा यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी मागितली तेव्हा पैसे एकट्याने नेले नाहीत. दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तो सांगतो की तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक बंधू दिला आहे, आणि या मोठ्या रकमेविषयी कोणी दोष लावू नये म्हणून आम्ही जपतो, केवळ प्रभूच्या दृष्टीने नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने. म्हणजे प्रेषितालासुद्धा ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ एवढे म्हणून चालले नाही. खजिनदार भाऊंनी जे करायचे ते एकट्याने करू नये. कमिटीला बरोबर घ्यावे, कमिटी येत नसेल तर निदान एक साक्षीदार न्यावा. आणि आपला ट्रस्ट नोंदलेला असेल तर ते बिल हिशेबतपासनिसाकडून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेले आहे काय, हेही पाहावे. तसे असेल तर विषय नुसत्या टोचणीचा राहत नाही.

जुना_खजिनदार

सर्वांचे मनापासून आभार. सहा आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमा असावी.

काळी_माती सरांचा सल्ला मानून विषय आधी कमिटीत ठेवला. सात जणांपैकी दोघे माझ्या बाजूचे होते. सेक्रेटरी म्हणाले की आपण स्वतःला स्वच्छ करण्यासाठी मंडळीला चिखलात ओढत आहात. या वाक्यात थोडे तथ्य आहे असे मला वाटले आणि अजूनही वाटते. बिल तपासनिसाकडे गेले होते, म्हणून त्यांनाही लेखी कळवले. ते चिडले, परंतु दुरुस्ती कशी करायची ते त्यांनी सांगितले.

नंतर एका वडील सभासदांना बरोबर घेऊन पुण्याला गेलो. ज्यांनी पैसे दिले ते गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. भगिनीच्या वीस हजारांविषयी ते म्हणाले की आईने तेच केले असते. पाळकसाहेबांच्या पगाराविषयी म्हणाले की तो मंडळीने द्यायचा असतो, माझ्या आईने नाही. ते तीस हजार पत्र्याच्या निधीत परत यावेत, असे त्यांनी सांगितले. कमिटी ते देईल असे दिसत नाही. मी दरमहा दोन हजार भरायला सुरुवात केली आहे. मागच्या बाकावरून दादांनी लिहिले होते की मला फक्त एक फोन करायचा होता. ते वाक्य मी पुण्याच्या वाटेवर बसमध्ये पुन्हा वाचले.

खजिनदारपद आता माझ्याकडे नाही. वार्षिक सभेत दुसऱ्यांची निवड झाली आणि माझे नाव कोणी सुचवले नाही. शास्त्रवाचनाच्या यादीतही सध्या मी नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आधी अजिबात आली नव्हती. नवे, खरे बिल लिहून घेण्यासाठी मी त्या कारागिराकडे गेलो. ते ख्रिस्ती नाहीत. आमच्या गावात तीस वर्षे पत्र्याचे आणि वेल्डिंगचे काम करतात. मी क्षमा मागितली, तेव्हा त्यांनी हातातले काम थांबवले नाही. जुनी बिलबुकाची प्रत त्यांनी माळ्यावरून काढून दिली, नवे बिल नव्वद हजारांचे लिहिले, आणि म्हणाले, “साहेब, त्या दिवशी मी दोनदा विचारलं होतं, एवढं लिहू का म्हणून. तुमचे लोक म्हणाले, चर्चचं काम आहे, काही होत नाही.”